गेममध्ये ठणठणीत, रिकामा असताना हँग: ग्राफिक्स ड्रायव्हरच्या वीजबचतीतला नेमका दोष कसा शोधावा

संगणक तासन्‌तास जड गेम निमूट चालवतो आणि गेम बंद करून डेस्कटॉपवर आलं की थोड्याच वेळात स्क्रीन काळी पडते. किंवा मशीन नुसतं चालू ठेवलेलं असतं, परत येऊन पाहावं तर पंखे फिरताहेत पण चित्र नाही. किंवा ब्राउझरमध्ये व्हिडिओ सुरू करताच स्क्रीन एकदा लुकलुकते आणि ड्रायव्हर रिसेट झाल्याचा निरोप येतो. ड्रायव्हर नवा टाकला तरी हा त्रास पुन्हा उगवतो. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे सगळीकडे कमाल कार्यक्षमतेचा पर्याय निवडा. त्याने त्रास थांबतोही, पण दोष कुठे होता ते कळत नाही, कार्ड कामाविना गरम राहतं आणि लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरते. वीजबचत पाच थरांवर चालते आणि बिघाड बहुधा त्यांतल्या एकाच थरात असतो. तेवढा एक थर शोधून बंद करायचा आणि बाकीचे चालू ठेवायचे, यासाठी पुढची पद्धत आहे.

आज्ञा आणि पॅरामीटर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत (0, 1, 2…) टाइप करायचे. टिंब, अंडरस्कोर आणि बरोबरचं चिन्ह जसंच्या तसं ठेवायचं.

भार असताना की भार उतरल्यावर?

सगळ्यात आधी हे ठरवा. रेंडर किंवा गेम ऐन जोरात असताना मशीन बंद पडत असेल तर उष्णता, पॉवर सप्लाय किंवा कार्डावरची मेमरी तपासा. वीजबचतीच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. कार्डाला जाणाऱ्या दोन ८-पिन जोडण्यांसाठी सप्लायपासून दोन वेगळ्या केबल असाव्यात. एकाच केबलच्या दोन शेपट्या वापरल्या असतील तर ते आधी बदला, कारण प्रत्येक ८-पिन जोडणी १५० वॅटसाठी धरलेली असते.

त्रास रिकाम्या डेस्कटॉपवर, हलक्या कामात, झोपेतून उठताना किंवा भार अचानक चढता-उतरताना येत असेल, तर संशय वीजबचतीवर. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भार उतरला की कार्ड क्लॉक खाली आणतं आणि सोबत व्होल्टेजही. स्थिर राहणं त्यातल्या त्यात सोपं असतं. अवघड असतं ते एका अवस्थेतून दुसरीत जाणं. गेम चालू असताना कार्ड बराच वेळ एकाच अवस्थेत राहतं. डेस्कटॉपवर मात्र विंडो हलवली, पान स्क्रोल केलं, की कार्ड खालून वर आणि पुन्हा खाली येतं. म्हणजे धोक्याचे क्षण हलक्या कामातच जास्त.

म्हणूनच ज्यांनी कार्ड अंडरव्होल्ट केलं आहे, म्हणजे त्याचं व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवलं आहे, त्यांनी पहिला संशय स्वतःच्या त्या सेटिंगवर घ्यावा. बेंचमार्क व्होल्टेजच्या वक्ररेषेचं वरचं टोक तपासतो. खालचं आणि मधलं टोक त्याने तपासलेलंच नसतं. आफ्टरबर्नरसारख्या साधनातली प्रोफाइल काढा, ‘सुरुवातीला लागू करा’ हा पर्याय बंद करा, आणि चाचणीपुरतं रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी प्रोफाइलही बंद ठेवा. डळमळीत रॅमची लक्षणं ग्राफिक्सच्या दोषासारखीच दिसतात.

पाच थर

पहिला थर पॅनलचा: चित्र बदलत नसेल तर लॅपटॉपचा पडदा स्वतःच्या मेमरीतून तेच चित्र दाखवत राहतो आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, मधल्या वेळेत विसावतो. याला पॅनल सेल्फ रिफ्रेश, म्हणजे पीएसआर म्हणतात. दुसरा थर जीपीयूच्या आतल्या इंजिनांची वीज तोडण्याचा. इंटेलमध्ये आरसी६, एएमडीमध्ये जीएफएक्सऑफ. तिसरा क्लॉक आणि व्होल्टेजच्या पायऱ्यांचा. एनव्हिडियात पी० ही सर्वांत वरची पायरी आणि रिकामं कार्ड सहसा पी८ वर दिसतं. चौथा थर पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या जोडणीचा: काम नसताना ही जोडणी झोपवण्याला एएसपीएम म्हणतात. पाचवा थर पूर्ण उपकरण बंद करण्याचा, म्हणजे डी३कोल्ड. दोन जीपीयू असलेल्या लॅपटॉपमध्ये मोठं कार्ड असंच झोपवलं जातं.

लॉगमधून थर ओळखणं

हँग झालेल्या क्षणी लगेच पॉवर बटण दाबू नका. कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा पेटतो-विझतो म्हणजे प्रणाली जिवंत आहे, फक्त चित्र मेलं आहे. विंडोजमध्ये विन, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा: एक छोटा आवाज येतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि ड्रायव्हर नव्याने उभा राहतो. एवढ्याने चित्र परत आलं तर दोष बहुधा पॅनल, क्लॉक किंवा इंजिनाच्या थरात. कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल तर बहुधा जोडणीच्या किंवा उपकरणाच्या थरात, कारण बसवर उत्तर न देणारं कार्ड सगळ्या प्रणालीला अडवून धरतं.

रिस्टार्टनंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा. ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची १७ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्डवेअरने स्वतः सुधारलेली चूक; तपशिलात पीसीआय एक्सप्रेसचं नाव असेल तर मोठा धागा हाती आला. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून मात्र घाबरू नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही.

लिनक्समध्ये ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ ही आज्ञा मागच्या बूटचा कर्नल लॉग दाखवते. एनव्हिडियाच्या नोंदीत ‘एक्सआयडी’ (ड्रायव्हरने दिलेला चुकीचा क्रमांक नव्हे, तर चुकीच्या प्रकाराचा क्रमांक) शब्द शोधा. एक्सआयडी ७९ म्हणजे कार्ड बसवरून गळून पडलं: जोडणी, वीज किंवा उष्णता. एक्सआयडी १३ आणि ३१ सहसा प्रोग्रामच्या किंवा मेमरीच्या चुका असतात, तिथे वीजबचतीचा संबंध कमी. एएमडीत ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’, इंटेलमध्ये ‘जीपीयू हँग’. ‘डी३कोल्डमधून डी० मध्ये (पूर्ण जाग्या अवस्थेत) आणता आलं नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली तर पाचवा थर जवळपास नक्की. लॉगमध्ये काहीच नसेल आणि फक्त लॅपटॉपचा स्वतःचा पडदा अडकत असेल तर पहिला.

एनव्हिडिया कार्डासाठी आणखी एक नोंद ठेवावी. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ला क्वेरी-जीपीयू पर्यायात टाइमस्टॅम्प, पीस्टेट, क्लॉक्स.जीआर, क्लॉक्स.मेम आणि पीसीआयई.लिंक.जेन.करंट ही नावं द्या, फॉरमॅट सीएसव्ही ठेवा, ‘-एल १’ने दर सेकंदाला नोंद घ्या आणि ‘-एफ’ने फाइलमध्ये साठवा. हँगनंतर फाइलच्या शेवटच्या चार-पाच ओळी वाचा. पी० वरून पी८ वर उतरताच नोंद तुटली, किंवा लिंकचा आकडा ४ वरून १ वर गेला आणि त्यापुढे काहीच नाही, असं दिसलं की शोध निम्मा संपला. एक लक्षात ठेवा: ही विचारणाच कार्डाला जागं ठेवते. नोंद चालू असताना त्रास थांबला आणि बंद करताच परत आला, तर तोही पुरावाच आहे. दोष गाढ झोपेत आहे.

जोडणीचा थर: इथे जास्त वेळ द्या

डेस्कटॉपवर या त्रासाचा मोठा वाटा इथला. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्सप्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट असतं. मध्यम बचत म्हणजे एल०एस, जोडणीची हलकी झोप; कमाल बचत म्हणजे एल१, तिची गाढ झोप. आधी ते ऑफ करा. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही; तिथे प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_पीसीआयएक्सप्रेस एएसपीएम ०’ द्या आणि मग ‘पॉवरसीएफजी /सेटअ‍ॅक्टिव्ह स्कीम_करंट’. बॅटरीवरही त्रास असेल तर एसीच्या जागी डीसी लिहून तीच आज्ञा पुन्हा.

लिनक्समध्ये इथे हमखास एक घोळ होतो. ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हा बूट पॅरामीटर दिला की एएसपीएम बंद झालं असं मानलं जातं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की कर्नल या सेटिंगला हातच लावणार नाही. बायॉसने एल१ चालू करून ठेवलं असेल तर ते चालूच राहतं. खरोखर बंद करायचं तर ‘पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स’ द्या. मग ‘एलएसपीसीआय -व्हीव्ही’ रूट म्हणून चालवा, कार्डाच्या भागात एलएनकेसीटीएल ही ओळ शोधा आणि तिथे एएसपीएम डिसेबल्ड लिहिलेलं आहे का ते पाहा. तेच कार्ड बोर्डवरच्या ज्या पुलामागे (पीसीआय ब्रिजमागे) आहे त्या पुलाच्या ओळीतही पाहा. जोडणीला दोन टोकं असतात.

एल१ च्या खाली एल१.१ आणि एल१.२ या आणखी गाढ अवस्था आहेत. त्यांत संदर्भ क्लॉकही थांबतं आणि सीएलकेआरईक्यू नावाच्या वेगळ्या तारेवरून ते परत मागवावं लागतं. त्या तारेचा सिग्नल बोर्डवर नीट पोचत नसेल तर एल१ ठीक चालतं आणि एल१.२ मध्ये गेलेलं कार्ड परत येत नाही. कर्नल ५.५ पासून प्रत्येक उपकरणाच्या सिसएफएस (‘/सिस’खालच्या) फोल्डरात ‘लिंक’ नावाचा उपफोल्डर असू शकतो. त्यात एल१_२_एएसपीएम या फाइलमध्ये ० लिहिलं की फक्त तेवढी अवस्था बंद होते. असं जमत असेल तर सगळं एएसपीएम बंद करण्यापेक्षा हेच करा.

एएसपीएम बंद करूनही डब्ल्यूएचईएच्या नोंदी येत राहिल्या तर लिंकच्या वेगाकडे वळा. कार्ड रिकामं असताना जोडणी पहिल्या पिढीच्या वेगावर, २.५ गिगाट्रान्सफरवर उतरते आणि काम आलं की चौथ्या पिढीच्या १६ वर चढते. प्रत्येक बदलाला दोन्ही टोकांनी पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल आणि ती तिसऱ्या पिढीसाठी बनवलेली असेल, तर हे जुळणं कधी होतं, कधी नाही. बायॉसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून जेन ३ करा. गेममधला फरक बहुतेकदा जाणवतही नाही. केबल काढून कार्ड थेट बोर्डवर बसवल्यावर चूक थांबली तर केबल बदला. सेटिंगमध्ये आणखी काही शोधू नका.

क्लॉकचा थर

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये थ्रीडी सेटिंगखाली पॉवर मॅनेजमेंट मोड आहे. चाचणीसाठी तिथे ‘प्रिफर मॅक्झिमम परफॉर्मन्स’ निवडा. त्रास थांबला तर दोष खालच्या पायऱ्यांत आहे. पण सगळ्या प्रणालीसाठी ही सेटिंग कायमची ठेवू नका. मोठ्या डेस्कटॉप कार्डावर रिकाम्या वेळेचा वापर काही दहा वॅटने वाढू शकतो. ज्या एका प्रोग्राममध्ये त्रास होतो त्याच्यापुरती ठेवा, म्हणजे प्रोग्राम सेटिंगच्या टॅबमध्ये.

त्याहून नेमका उपाय म्हणजे क्लॉकला खालची मर्यादा घालणं. व्होल्टा आणि त्यापुढच्या पिढ्यांत प्रशासक म्हणून ‘एनव्हिडिया-एसएमआय -एलजीसी ६००,१८००’ अशी आज्ञा चालते. पहिला आकडा किमान, दुसरा कमाल, दोन्ही मेगाहर्ट्झमध्ये. कमाल आकडा आपल्या कार्डाच्या नेहमीच्या बूस्टइतका ठेवा, तो ‘-क्यू -डी क्लॉक’ने दिसतो. ६०० वर टिकलं तर ४५० करून पाहा. सगळं पूर्ववत करायला ‘-आरजीसी’. रिस्टार्टनंतर ही मर्यादा उडते, म्हणून चाचणीला ती निर्धोक. लिनक्समध्ये आधी ‘-पीएम १’ने पर्सिस्टन्स मोड चालू करा, नाहीतर ड्रायव्हर वापरणारं कोणी उरलं नाही की तो उतरतो आणि मर्यादाही जाते.

एएमडीत लिनक्सवर कार्डाच्या डिव्हाइस फोल्डरातल्या ‘पॉवर_डीपीएम_फोर्स_परफॉर्मन्स_लेव्हल’ या फाइलमध्ये ‘हाय’ लिहून चाचणी करा, नंतर ‘ऑटो’ लिहून परत या. ‘हाय’मध्ये त्रास थांबला तर पुढचा प्रश्न: क्लॉक की जीएफएक्सऑफ? ‘/सिस/मॉड्यूल/एएमडीजीपीयू/पॅरामीटर्स’मधल्या पीपीफीचरमास्कची आत्ताची किंमत आधी पाहा. ती तीन एफ, ७, बी आणि पुन्हा तीन एफ अशी असेल तर बीच्या जागी ३ टाकून ‘एएमडीजीपीयू.पीपीफीचरमास्क’ हा बूट पॅरामीटर द्या, आकड्यापुढे ०एक्स लावून. याने फक्त जीएफएक्सऑफचा बिट उतरतो, बाकीची बचत राहते. किंमत वेगळी दिसली तर हेक्साडेसिमल ८००० चा बिट तिच्यातून वजा करायचा. दुसरीकडून उचललेला आकडा तसाच चिकटवला तर भलतंच काही चालू होऊ शकतं.

विंडोजवर दोन एएमडी जीपीयू असतील तर यूएलपीएस, म्हणजे वापरात नसलेलं कार्ड गाढ झोपवणारी सोय, पाहा. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एनेबलयूएलपीएस’ शोधा आणि डिस्प्ले क्लासखालच्या ०००० आणि ०००१ अशा उप-कींमध्ये जिथे सापडेल तिथे ० करा. बदलण्याआधी ती की एक्सपोर्ट करून ठेवा. ड्रायव्हर नव्याने टाकला की ही किंमत परत १ होऊ शकते.

चित्र फक्त क्षणभर लुकलुकत असेल, हँग होत नसेल, तर मेमरीच्या क्लॉकवर नजर ठेवा. मेमरीचं क्लॉक बदलायला कार्ड दोन फ्रेममधली रिकामी फट वापरतं. जास्त रिफ्रेश दरावर ही फट लहान होते. मॉनिटर १४४ वरून ६० हर्ट्झवर आणून पाहा. लुकलुक थांबली तर १२० वर कायम करून बघा. दोन वेगळ्या दरांचे मॉनिटर जोडल्यावर मेमरी रिकाम्या वेळीही वरच्या क्लॉकवर अडकून राहते, तो बिघाड नव्हे.

पॅनल आणि दुसरा जीपीयू

लॅपटॉपवर टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात, माउस हलवला की अडकलेलं चित्र सुटतं, बाहेरच्या मॉनिटरवर सगळं ठीक: हा पीएसआर. विंडोजमध्ये इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरच्या सिस्टिम, पॉवर भागात पॅनल सेल्फ रिफ्रेश बंद करा. लिनक्समध्ये इंटेलसाठी ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’, एएमडीसाठी ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’. तरीही पडदा काळा पडत असेल तर इंटेलवर ‘आय९१५.एनेबल_डीसी=०’. जुन्या लेखांत सुचवलेला ‘आय९१५.एनेबल_आरसी६’ हा पर्याय कर्नल ४.१६ पासून राहिलेला नाही. तो लिहून काहीही होत नाही.

मोठं कार्ड झोपेतून उठत नसेल तर पीसीआय उपकरणाच्या फोल्डरात ‘पॉवर/कंट्रोल’ फाइलमध्ये ‘ऑटो’च्या जागी ‘ऑन’ लिहा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरचे पर्याय ठेवणाऱ्या) फाइलमध्ये ‘एनव्हीरेग_डायनॅमिकपॉवरमॅनेजमेंट=०एक्स००’, एएमडीसाठी बूट पॅरामीटर ‘एएमडीजीपीयू.रनपीएम=०’. मॉडप्रोबची फाइल बदलल्यावर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी फाइल) पुन्हा बांधायला विसरू नका. विंडोज लॅपटॉपमध्ये बायॉसमध्ये हायब्रिडऐवजी डिस्क्रीट निवडायची सोय असेल तर तीच सर्वांत सोपी चाचणी.

सेटिंग टिकत नाही तेव्हा

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शटडाउन’ हे पूर्ण बंद करणं नसतं, ड्रायव्हरची जुनी अवस्था परत उचलली जाते. प्रत्येक बदलानंतर ‘रिस्टार्ट’ करा. लिनक्समध्ये टीएलपी किंवा ‘पॉवरटॉप --ऑटो-ट्यून’ या वीजबचतीच्या साधनांची सेवा बूटनंतर तुमचे बदल निमूट उलटवते, चाचणी संपेपर्यंत दोन्ही थांबवा. बूट पॅरामीटर लागला का ते ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’मध्ये वाचा. आधी ग्रबच्या (बूट मेन्यूच्या) यादीवर ई दाबून लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पॅरामीटर जोडा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. तो त्या एकाच बूटपुरता राहतो, त्यामुळे काही चुकलं तरी रिस्टार्ट केलं की मशीन पूर्वीसारखं.

टीडीआरडीले, म्हणजे जीपीयूच्या उत्तराची वाट पाहण्याची विंडोजची मुदत, वाढवण्याचा सल्ला इथे टाळा. जीपीयूने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याला रिसेट करतं, आणि ही मुदत रजिस्ट्रीतून वाढवता येते. लांब चालणाऱ्या गणनेसाठी ती वाढवणं योग्य आहे. पण झोपेत अडकलेलं कार्ड २ सेकंदांत उठत नाही तसं १० सेकंदांतही उठत नाही. फक्त गोठलेली स्क्रीन जास्त वेळ पाहावी लागते.

बदल लागू पडला हे कधी मानायचं

एका वेळी एकच बदल. आणि ‘आज दिवसभर काही झालं नाही’ एवढ्यावर थांबू नका. त्रास सरासरी जितक्या वेळाने येतो त्याच्या तिप्पट वेळ वाट पाहा. दोन दिवसांतून एकदा येणारा हँग सहा दिवस आला नाही, तर तो केवळ योगायोगाने आला नसण्याची शक्यता साधारण २० मध्ये १ उरते. त्यानंतर बदल मुद्दाम उलटवा. त्रास परत आला तरच थर सापडला.

पाचही थर बंद करून, मूळ क्लॉकवर, दुसऱ्या स्लॉटमध्येही कार्ड बसवरून गळत असेल तर ते दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही तेच झालं तर कार्ड वॉरंटीत द्या, आणि सोबत लॉगची फाइल, ड्रायव्हर व बायॉसच्या आवृत्त्या आणि कोणता थर बंद असताना काय घडलं त्याची यादी जोडा. सेवा केंद्रात कार्ड सहसा भाराखाली तपासलं जातं आणि असं कार्ड भाराखाली पास होतं. म्हणून ‘रिकामं ठेवल्यावर, अमुक पायरीवर उतरताना बिघडतं’ हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.